लाल थैलीतली अधेली

आणे जाऊन नवे पैसे यायच्या तीन वर्षं आधी माझं लग्न झालं. माहेर मूल गावाजवळच्या खेड्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं. दिलं आरमोरीला, चांदीच्या रुपयांचा धंदा करणाऱ्या घरात. सासू नव्हती. सासरे मायाळू, नवरा अबोल आणि मी तोंडाळ. निघताना आईनं बजावलं होतं, जीभ जरा दाताखाली ठेव. ठेवली, पण किती दिवस ठेवणार!

त्या दिवसांत रुपयातली चांदीच रुपयापेक्षा महाग झाली होती. बाजाराच्या दिवशी जंगलपट्टीतल्या बाया गळ्यातली रुपयांची माळ नाहीतर मडक्यातले राणीछाप घेऊन यायच्या. आमचे हे एकेक रुपया दगडावर वाजवून बघत. लढाईच्या वेळचे कमी चांदीचे रुपये बद्द वाजत, ते बाजूला पडत. बाकीचे काट्यावर चढत. तेच पुढे लग्नघरची माणसं पोरीच्या माळेसाठी विकत नेत. धंदा एवढाच.

वजन म्हणून आमच्याकडे एक लाल थैली होती. नवाकोरा रुपया बरोबर एक तोळ्याचा, तसे दहा रुपये तिच्यात घालून मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, तिचं तोंड जाड दोऱ्यानं शिवून टाकलं होतं. का, तर गर्दीत कोणी एखादा रुपया उचलू नये. समोरच्या पारड्यात विकणाऱ्या बाईचे रुपये आणि तसलीच एक रिकामी थैली, म्हणजे कापडाचं वजन कापडात गेलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मी ह्यांना आईची गोष्ट सांगून बसले. माझ्या लग्नासाठी आईनं तिची दहा रुपयांची माळ मूलच्या बाजारात एका दुकानदाराला विकली. त्यानं साडेनऊच तोळे भरले म्हटलं. आई खाली मान घालून म्हणाली, "माह्या गळ्यानंच खाल्ली असन चांदी." घरी येऊनही तेच म्हणत राहिली. आपल्या गळ्यानं लेकीची आठ आण्याची चांदी खाल्ली म्हणून डोळ्यांत पाणी. मी हसत हसतच सांगत होते. हे एकदम उठले आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, माझी बडबड आवडली नाही.

मग दिवाळीची साफसफाई आली. मामाजी ओसरीवर पडले होते, हे उधारी वसूल करायला गेले होते. काटा पुसून झाल्यावर मला खेळ सुचला. डब्यातले अगदी कोरे दहा रुपये एका पारड्यात, रिकाम्या थैलीसकट. दुसऱ्यात लाल थैली. लाल थैली खाली गेली. मी काटा झटकला, दोऱ्या सारख्या केल्या, पारडी बदलली. तरी लाल थैली खालीच.

सुई घेतली आणि थैली उसवली. आत दहा रुपये होते आणि त्यांच्यात एक चांदीची अधेली. आठ आणे. अर्धा तोळा.

काय सांगू तुम्हाला, अंगाचा भडका उडाला. आईचे साडेनऊ कसे झाले ते तिथं उकिडवी बसल्या बसल्या मला कळलं. दुकानदार दुसरा होता, गाव दुसरं होतं, पण अधेली हीच. आणि आता याच थैलीवर माझी चूल पेटत होती. भांडायचं तर कुणाशी? लग्नाला सहा महिने झालेली सून मी. सासऱ्याला चोर म्हटलं तर दुसऱ्या दिवशी बैलगाडीत घालून माहेरी पोचवतील. आई आधीच माळ विकून बसलेली, तिनं मला ठेवायचं कुठं?

मी अधेली काढली आणि कुंकवाच्या करंड्यात तळाशी दडवली. थैली परत शिवली. पण मामाजींचा टाका म्हणजे पोत्याचा टाका, आणि माझा हात चोळी शिवणारा. कितीही जाड घालायला गेलं तरी बारीकच पडला. मोतीबिंदूनं मामाजींचे डोळे गेले होते, पण बोटं वाचायची.

चौथ्या दिवशी बाजार होता. गडचिरोलीकडची एक म्हातारी माळ विकायला बसली होती आणि मी दाराआड. तिचे रुपये चढले, काटा बरोबर मध्ये थांबला. ह्यांनी क्षणभर बघितलं आणि म्हणाले, पुरे दहा तोळे.

मामाजी ओसरीवरून बोलले, "पुरे दहा? थैली आण इकडं."

देवा, आता गाडी जुंपा, म्हटलं. ह्यांनी थैली बापाच्या हातात दिली. मामाजींनी शिवणीवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग म्हणाले, "हो, टाका त माहाच आहे," आणि थैली परत केली.

म्हातारी पैसे पदराला बांधून गेली. मामाजींची बोटंही आता म्हातारी झाली, असं मी समजले आणि देवापुढे नारळ फोडला.

त्यानंतर पाच वर्षं दर बाजाराला मी दाराआडून काट्याकडे डोळे लावून बसायची. गंमत म्हणजे गिऱ्हाईक वाढलं. तिकडं वजन पुरं मिळते, ही गोष्ट बायकांमध्ये पसरायला कितीसा वेळ लागतो! मामाजी म्हणायचे, सुनेच्या पायगुणानं बरकत आली. मी मान खाली घालायची. शेवटच्या आजारात माझ्याच हातची पेज प्यायले ते. खोटं कशाला बोलू, मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. जीव लावला होता त्यांनी.

ते गेले आणि मागोमाग ग्रॅमची वजनं आली. एका दुपारी हे जुनं सामान आवरत बसले होते. लाल थैली माझ्या मांडीवर टाकून म्हणाले, "उसव. तूच उसव, तुले सवय आहे."

मी थैली उलटी करून बघितली. वरून पोत्याचा जाड टाका होता, आणि त्याच्याखाली तसाच्या तसा माझा बारीक टाका.

"तू पानी भराले गेली होती त्या बाजाराच्या सकाळी," ते म्हणाले. "तुहा टाका मी लगेच वळखला. बाबाच्या बोटाले लागला असता, म्हून वरून मारला."

मला आधी रागच आला. पाच वर्षं मी जीव मुठीत धरून काढली आणि हा माणूस एका शब्दानं बोलला नाही! मी ताडताड बोलले, आरमोरीच्या अर्ध्या बाजाराला ऐकू गेलं असेल. ते काट्याच्या दोऱ्या गुंडाळत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "तू मायची गोष्ट सांगितली, त्या दिवसापासून मले ते थैली उचलवत नव्हती. पन बाबाची शिवन माह्या हातानं उसवली नसती. तू उसवली, बरं झालं."

मग विचारलं, "अधेली कुठी आहे?"

करंड्यातून काढली, कुंकवानं लाल झालेली. त्यांनी धोतराला पुसली.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं माझ्या माहेरी गेलो. ह्यांनी अधेली आईच्या हातावर ठेवली आणि तिच्या पाया पडले. जावई पाया पडतो म्हणून आई बिचारी मागे मागे सरकायला लागली. "हे काहाची, जावईबापू?" तिनं विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

मीच बोलले. "माय, तुह्या गळ्यानं नव्हती खाल्ली वं चांदी."

आई कितीतरी वेळ अधेलीकडे बघत राहिली. मग तिचा दुसरा हात हळूच गळ्याकडे गेला, आणि जिथं माळ असायची तिथून ती तो फिरवत राहिली.