चूक सांगायला मांजरी गावी गेलेल्या मॅडम

डॉ. कुमुद बर्वे मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी वर्ध्याहून नुकतीच पुण्यात आले होते. मुलाखतीत मी माझ्या प्रथिनमोजणीचा आलेख मोठ्या कौतुकाने पुढे केला. मॅडमनी तो पाहिला आणि विचारले, "सुरेख आहे. रक्तावरचा आहे का?" तो प्रयोगशाळेत बनवलेल्या स्वच्छ द्रावणावरचा होता. तरीही त्यांनी मला प्रयोगशाळेत घेतले.

शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन हे प्रथिन मॅडमना रक्ताच्या एका थेंबात मोजायचे होते. त्यासाठी त्यांनी कार्बनच्या पट्टीवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवले आणि त्यांवर फेरिटिनला धरून ठेवणारी प्रतिपिंडे. फेरिटिन चिकटले की पट्टीतला विद्युतप्रवाह घटतो. जितका घटेल तितके ते जास्त. अशक्त बायकांना घराच्या ओट्यावरच निदान मिळावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या फडात राबणाऱ्या बायकांची आम्ही तपासणी केली. बहुतेकींचे लोह पुरेसे निघाले. आम्ही खुशीत होतो, मॅडम नव्हत्या. त्यांनी तेच नमुने रुग्णालयात तपासून घेतले, तेव्हा आमची पट्टी चुकल्याचे कळले. रक्तातली इतर प्रथिनेही तिला चिकटत होती आणि ती त्यांनाच फेरिटिन समजत होती.

पट्टीच्या या यंत्राला पैसा पुरवणाऱ्या कंपनीने सुचवले की, एवढ्यात कुठे बोलू नका. मॅडम दुसऱ्याच दिवशी मांजरीला गेल्या. मी सोबत होते. घरोघरी त्या सांगत होत्या की आमचे चुकले, डॉक्टरांना दाखवून औषध सुरू करा. हिराबाई नावाच्या एका बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मला चक्कर येतीय, हे मी तवाच सांगत हुते. मशीन म्हनतंय बरं हाय, म्हनून गप बसले."



कंपनीने पाठ फिरवली. त्याच वर्षी दिवाळीला मला गावी जाता आले नाही, तर मॅडम स्वतः डबा घेऊन वसतिगृहाच्या दाराशी आल्या. मी काही बोलण्याआधीच म्हणाल्या, चकल्या मऊ पडल्यात, कुणीतरी संपवायला हव्यात.

पुढे निवृत्तीपर्यंत त्या त्याच अडचणीशी झगडल्या. शोधनिबंध निघत राहिले. रक्तात भरवशाने चालेल अशी पट्टी मात्र झाली नाही.

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथाची कल्पना सांगायला आम्ही विद्यार्थी गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, जे करायला निघाले ते झालंच नाही. त्याचाही ग्रंथ काढणार का?"

मॅडम, हात थरथरतो म्हणून आपण आता प्रयोगशाळेत येत नाही. काम सुरू आहे, अजून अडलेलेच आहे. आपल्याला निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. आपल्या हातून राहिले ते कुणाच्या तरी हातून पुरे झालेले पाहायला आपण असाव्यात.