आबांच्या आंब्याला गाडगी लागली

मुलांनो, माझे आजोबा कुठल्याही प्रश्नावर आधी डोक्याचा रुमाल काढत, तो झटकत, पुन्हा गुंडाळत आणि मग म्हणत, "बघूत की." पाऊस पडेल का? बघूत की. गाय वाचेल का? बघूत की. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा प्रश्न टाळतोय. आम्हाला मात्र ठाऊक होतं, की 'बघूत की' म्हटलं म्हणजे आबा कामाला लागले.

परवा फोनवर तुम्ही मला विचारलंत, "आजी, तुझ्या आजोबांनी तुमच्यासाठी काय ठेवलं?" मी म्हटलं, "जमीन होती, ती धरणात गेली." फोन ठेवल्यावर हे उत्तर मला फारच अपुरं वाटलं. त्यातून यंदा चैत्रात माझ्या धाकट्या आत्या गेल्या. आबांना झाडावर पाहिलेलं माणूस आता घरात माझ्याखेरीज कुणी उरलेलं नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते. तुमचे ते खापरपणजोबा. नातं लांबचं वाटेल, पण वाचा.

आमचं जुनं गाव सिंदफणेच्या काठी, माजलगावच्या वरच्या अंगाला होतं. आबा निजामाच्या काळात शिकले, ते उर्दूत. मराठी अक्षर त्यांनी कधी गिरवलं नाही. मी औरंगाबादला इंग्रजी शिकायला जाते म्हटल्यावर घरात वादळ उठलं. "पोरीला इंग्रजी कावून पाहिजे?" असं भावकीतल्या चुलत्यांनी विचारलं. आबांनी रुमाल झटकला, "बघूत की" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी जुंपून उभी होती. गाडीत माझी ट्रंक आबांनी स्वतः चढवली होती.

आबांना माझे वडील आणि तीन मुली. त्या काळी मुलीला जमिनीत वाटा देत नसत. आबांनी आपल्यापुरती एक रीत पाडली होती. मुलगी जन्मली की बांधावर आंब्याची कोय लावायची. ते झाड तिचं. तिचं लग्न झालं की दर उन्हाळ्यात त्या झाडाचे आंबे आढीत पिकवून तिच्या सासरी पोचवायचे. आमच्याकडे याला वानोळा म्हणतात. घरात आंबे कमी पडले तरी चालतील, पण लेकीच्या झाडाचा आंबा घरात कुणी तोंडाला लावायचा नाही.

कोयीपासून वाढलेल्या प्रत्येक झाडाची चव निराळी असते. थोरल्या आत्यांचा आंबा साखरेसारखा, म्हणून साखऱ्या. मधल्या आत्यांच्या आंब्याला खोबऱ्याची चव, तो खोबऱ्या. धाकट्या आत्यांच्या आंब्याला चक्क शेपूच्या भाजीचा वास यायचा. त्याचं नाव शेप्या. आम्ही मुलं नाक धरून त्या झाडाखालून पळायचो. धाकट्या आत्यांना केजला दिलं होतं. पहिल्या वर्षी तिथून त्यांच्या सासऱ्यांचा निरोप आला, "व्याही, आंबे पाठवलेत का काढा?" पण आत्या शेप्या चोखायच्या तेव्हा कुणाशी बोलायच्या नाहीत. डोळे मिटून, कोपरापर्यंत रस ओघळू देत, एकामागून एक. "मला माझ्या घरी गेल्यागत वाटतंय बघ," असं त्या मला एकदा म्हणाल्या. त्यांचं सासर कडक होतं. माहेरी येणं वर्षाकाठी एकदा झालं तर झालं. आंबे मात्र चुकले नाहीत.

मग धरण आलं. गाव उठणार, रान पाण्याखाली जाणार. सरकारने माळावर नवीन गावठाण दिलं. लाकडाचा व्यापारी बांधावर चकरा मारू लागला, कारण बुडायच्या आधी झाडं तोडून नेली तर निदान लाकूड तरी वाया जाणार नव्हतं. वडिलांनी त्याला होकार देऊन टाकला. आबांना विचारलं तेव्हा त्यांनी रुमाल झटकला.

अडचण अशी होती, की कोय नेऊन लावली तर झाड येईल, पण त्याला तोच आंबा येईल याची खात्री नाही. तोच आंबा हवा असेल तर कलमच बांधायला हवं. आबांनी आयुष्यात कधी कलम बांधलं नव्हतं. ते माजलगावला गेले आणि आमचे आंबे घेणाऱ्या बागवान चाचांना घेऊन आले. चाचांनी झाडांना एक फेरी मारली आणि मान हलवली. जुनी झाडं ती, फांद्या आभाळात. कलमासाठी कोवळं रोप कुंडीसकट फांदीपाशी न्यायचं, दोघांची साल तासायची, एकाला एक भिडवून बांधायचं आणि जीव धरेपर्यंत रोपाला रोज पाणी घालायचं. म्हणजे कुंड्या वर झाडावर टांगायच्या आणि पाणी घालायलाही रोज वर चढायचं.

"पाटील, इस उमर में चढेंगे? हड्डी टूटी तो उसकू कौनसा कलम बांधेंगे?"

"बघूत की," आबा म्हणाले.

मी सुटीत घरी आले तेव्हा पावसाळा लागला होता. घराची कौलं उतरवणं चालू होतं. "आबा कुठायत?" मी आईला विचारलं. ती म्हणाली, "बांधावर जा अन् वर बघ."

मी वर पाहिलं. साखऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या दुबेळक्यात बाजेची चौकट बांधून मचाण केलं होतं. त्यावर सत्तरीचे आबा पाय सोडून बसले होते, दातांत सुतळीचं टोक, हातात चाकू. त्यांच्या भोवती, वर-खाली, जिथे फांदी सापडेल तिथे मातीची गाडगी टांगलेली. प्रत्येक गाडग्यात एक रोप आणि प्रत्येक रोप फांदीला बिलगलेलं. वाऱ्याने सगळी गाडगी एकदम डुलायची. तिन्ही झाडांची तीच तऱ्हा. इंग्रजी पुस्तकांतली मोठमोठी वर्णनं वाचून मी आले होते. त्यांत मला असं कुठे सापडलं नव्हतं. मी तोंड उघडं टाकून उभी राहिले.

गावाला मात्र मोठी गंमत. पारावरून हाका यायच्या, "आबाच्या आंब्याला औंदा गाडगी लागली रे! पाडाला आली का, आबा?"

आबा वरून ओरडत, "खाली उभा ऱ्हा, एक पिकलंय, डोक्यात पडंल!"

कुठलं गाडगं कुठल्या झाडाचं हे ओळखायला आबांनी तिन्ही लेकींकडून जुन्या लुगड्याच्या चिंध्या मागवल्या होत्या. थोरलीची हिरवी, मधलीची जांभळी, धाकटीची पिवळी. लिहिणं त्यांना उर्दूतच यायचं आणि गाडग्यावरचं लिहिलेलं पावसात धुऊन गेलं असतं.

वडील मात्र संतापले होते. एका दुपारी ते झाडाखाली येऊन ओरडले, "आबा, तिकडं घर मोडायलंय अन् तुमी गाडगी बांधायलाव! मानसं हसायलीत."

"घराला जागा सरकारनं दिली. लेकीला आंबा सरकार कुठून देनार हाय?"

"इकत आनू की आंबे!"

"आन. अन् थोरलीच्या हातावर ठिवून सांग, हा तुजा हाय मनून. मी बघतो तुला सांगता येतंय का."

वडील पाय आपटत निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, तर झाडाखाली उभे राहून ते दोराने पाण्याची कळशी वर चढवत होते. "आबा, मी येऊ का वर?" त्यांनी विचारलं. "नगं," वरून उत्तर आलं, "तू लई जड हायस. फांदी लेकीची हाय."

पाणी सावकाश आलं. आधी खालचं रान गेलं, मग मळ्याची वाट. बरीच कलमं वाळली, काही वानरांनी पाडली. जी जगली ती आबांनी सांध्यापाशी आंब्याची फांदी कापून सुटी केली आणि गवताच्या गादीवर ठेवून बैलगाडीने नव्या गावठाणात आणली. सगळी वाट ते गाडीच्या मागून चालत आले. व्यापाऱ्याची करवत त्यानंतर लागली. ती पाहायला आबा गेले नाहीत.

नव्या घराच्या वास्तुशांतीच्या दिवशी माझ्या आईच्या हातून ते घडलं. आईला पसारा खपत नसे. पाहुणे येणार, ब्राह्मण येणार आणि अंगणात गाडग्यांना चिखलाने माखलेल्या चिंध्या लटकलेल्या. तिने पहाटे सगळ्या सोडल्या, धुतल्या, वाळवल्या आणि रंगवारी घड्या करून कपाटात ठेवल्या. रोपं तिला सगळी सारखीच दिसत होती. ती सगळ्यांनाच सारखी दिसत होती.

आबा अंगणात आले. गाडग्यांकडे पाहत राहिले. आई पदर तोंडाला लावून रडू लागली. वडिलांचा आवाज चढला, तशी आबांनी त्यांना हाताने थांबवलं.

"कावून वरडतूस तिच्यावर? ब्येस झालं," ते म्हणाले. "चिंधी असती तर थोरली आली की हिरवीला पानी घालनार, धाकटी आली की पिवळीला. आता कोनतं कुनाचं ठाव न्हाई. समद्यांना घालावं लागंल."

आणि तसंच झालं. आत्या आल्या की सामान उतरवायच्या आधी घागर घ्यायच्या. मधल्या आत्या लिंबागणेशहून यायच्या, त्या येताना शेणखताचं पोतं घेऊन यायच्या. रोपं लावली ती नव्या गावठाणातली जमीन म्हणजे मुरूम आणि दगड. दोन उन्हाळ्यांत आणखी रोपं गेली आणि शेवटी तीन उरली. तीन झाडं, तीन लेकी. प्रत्येकीने मनात धरलं, एक माझं आहे. आबांनी मोहोर पाहिला नाही. त्याच्या आदल्या थंडीत छातीत कफ साठून ते गेले.

पहिली फळं लागली तेव्हा तिन्ही आत्या आल्या. आढी लावली, पिकली. ओसरीवर तीन परातींत तीन झाडांचे आंबे ठेवले. आम्ही सगळे भोवती बसलो.

थोरल्या आत्यांनी पहिल्या परातीतला आंबा चोखला आणि पदराने डोळे पुसले. "साखऱ्या," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या परातीत खोबऱ्या निघाला. मधल्या आत्या हसतच सुटल्या.

धाकट्या आत्यांनी तिसऱ्या परातीतला आंबा उचलून नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग चोखला. मी त्यांच्या शेजारीच बसले होते, मीही एक घेतला. शेपूचा वास नव्हता. तोही साखऱ्याच होता. शेप्याचं एकही कलम जगलं नव्हतं.

थोरल्या आत्यांनी आपली परात हळूच धाकटीकडे सरकवली. धाकट्या आत्यांनी ती परत ढकलली.

"हाच माझा," त्या म्हणाल्या. "झाड लहान हाय अजून. वास मागून येतोय."

थोरल्या आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. "व्हय बाई," त्या म्हणाल्या, "वास मागूनच येतोय."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात तिसऱ्या झाडाची पहिली पाटी केजला जाते. आत्या होत्या तोवर निरोप यायचा, "औंदा जरासा आलाय बघा वास." आम्ही म्हणायचो, आलाय.

तिन्ही झाडं आहेत. यंदा आत्या नव्हत्या, तरी पाटी गेली. ती त्यांच्या नातसुनेने उतरवून घेतली.