किल्लीची खंडेनवमी

समोरच्या घरात आता कुणी तरुण जोडपं राहतं. मी जर्मनीत डार्मश्टाटला लेकाकडे आले तेव्हा तिथे एक अमेरिकन आजोबा होते, नव्वदीला टेकलेले. तरुणपणी शर्यतीच्या गाड्या चालवायचे, बरं का! तिकडे मातीच्या गोल ट्रॅकवर सुरुवात, तोंडात धूळ, तळहातांना फोड. मग इकडच्या डोंगरातल्या शर्यतीला आले. जिंकले, नाव झालं, मग झाडावर आदळले आणि दवाखान्यातल्या नर्सशीच लग्न करून इथेच राहिले. त्यांचं जर्मन मोडकं, माझं इंग्रजी मोडकं. कॉफी पिताना आमचं छान जमायचं.

एकदा गाडी मागे घेताना त्यांनी आमचं कुंपणच पाडलं. कोलोनहून त्यांची लेक धावत आली.

"पापा, आता गाडी बंद!"

"तुला गाडी शिकवली कुणी?" आजोबा गुरकावले.

बापलेक बोलेनात. ती मला म्हणाली, "तुमचं ऐकतात, तुम्हीच सांगा." मी काय सांगणार? ज्याचं आयुष्य स्टिअरिंगमागे गेलं, त्याला उतर म्हणायचं कसं?

तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी अवजारं पुसून पूजतात आणि दिवसभर त्यांना हात लावत नाहीत. मी विळी, कात्री, लेकाचा लॅपटॉप मांडला.

"आई, माझी मीटिंग आहे गं!"

"आल्झो, मग फोनवरून कर."

आजोबा डोकावले. मी पूजेचं सांगितलं. ते घरी गेले आणि गाडीची किल्ली घेऊन आले. "माझं अवजार हेच," म्हणाले. मी हळदकुंकू वाहिलं. तो दिवसभर गाडी जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सगळं परत कामाला लावायचं, म्हणून किल्ली द्यायला गेले. "घ्या आजोबा, झाली तिची विश्रांती."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं. मग माझी मूठ मिटून म्हणाले, "राहू दे तिला. दमलीय ती."

दुपारी त्यांची लेक आली, तिच्या हातात किल्ली दिली. ती बापाला घेऊन फिरायला निघाली. आजोबा मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला. मुकाट्याने म्हणजे फाटकापर्यंतच! पुढे कोपऱ्यावरून त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आला, "अगं, वळणाच्या आधी ब्रेक लाव! वळणात नाही!"