भाच्याने आवरलेलं रान

पुण्याहून देवळाली प्रवराला जायला एसटीत बसलो, तेव्हा पिशवीत मामीसाठी बाकरवडी होती आणि डोक्यात परोपकार. अतिवृष्टीत मामीचं कापून ठेवलेलं सोयाबीन पाण्यात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला येणार होते. मदत मिळाली तर गव्हाचं बी येणार, नाहीतर यंदा रान पडीक. एकटीनं शेती करणाऱ्या बाईला आपला आधार हवा, असं मी परस्परच ठरवलं. मामीनं काही बोलावलं नव्हतं.

नगरपर्यंत झोपलो. राहुरीच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस आडवा. देवळालीत उतरून वस्तीकडे निघालो, तर पहिल्याच चिखलानं डावी चप्पल गिळली. एक पाय अनवाणी, तसाच मामीच्या दारात.

"या भाचेबुवा! दुसरी बी टाकून यायची, जोडी तरी ऱ्हाती."

जेवायला शेंगोळे (कुळथाच्या पिठाचे वळलेले तुकडे, झणझणीत रश्शात) आणि बाजरीची भाकरी. नाकडोळे पुसत मी म्हणालो, "मामी, उद्या मला काम सांग."

"भाच्याला कामाला लावत न्हाई आमच्यात. खा अन् गप बस."

सकाळी मामी सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला गावात गेली आणि मी रानात. काळं पडलेलं पीक पाण्यात लोळत होतं, शेंगांना मोड फुटलेले, वास असा की नाक धरावं. साहेब येणार आणि हा पसारा? आमच्या सोसायटीत पाहुणे येणार म्हटलं की आधी हॉल आवरतात. फॅमिली ग्रुपसाठी आधी एक फोटो काढला: मागे कुजलेलं सोयाबीन, पुढे दात काढून अंगठा दाखवणारा मी. मग खोरं घेतलं, बांध फोडून पाणी ओढ्याला काढून दिलं आणि सगळं सोयाबीन ओढत नेऊन रस्त्यापलीकडच्या उकिरड्यावर टाकलं. हाताला फोड आले. फार बरं वाटलं.

तेवढ्यात मामी आली. मागोमाग मोटरसायकलवर तलाठी. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं.

"आक्का, रान तर झाडून काढलंय. नुकसान कुठाय?"

मामीनं माझ्याकडे पाहिलं. मी खोरं घेऊन उभा, गुडघ्यापर्यंत चिखल.

"ह्यो काय, उभा हाय."

"परत आणून पसरतो!" मी म्हणालो.

"आणून पसरलेलं चालत नाही," तलाठी म्हणाले. "फोटो जागेवरचा लागतो."

मामी बांधावर बसली. शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो. तिनं सातबाऱ्याची झेरॉक्स घडी घालून कमरेला खोचली.

शेवटी लाज खिशात घातली आणि मोबाईल बाहेर काढला. तलाठ्यांनी फोटो मोठा करून पाहिला. बांधावरची बाभूळ ओळखली, वेळ तपासली, उकिरड्यावर जाऊन मोड आलेल्या शेंगा पाहिल्या. शेजारच्या दोघांना पंच म्हणून बोलावलं.

"हा जोडून बघतो," ते म्हणाले. "पण हे साहेब पिकाच्या बरोबर मधे आहेत. कापता येत नाहीत."

"ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाली. "सरकारला बी कळू द्या."

मामीच्या जुन्या स्लिपर घालून पुण्याला परतलो. आपला फोटो कुठेतरी जपून ठेवला जावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा. ती अशी फळली: सरकारी दप्तरात, कुजलेल्या पिकापुढे, मी आता कायमचा हसतोय. मदत करण्याआधी एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो, हे त्या दप्तरात कुठेही लिहिलेलं नसणार.

पुढे मामीचा फोन आला. "पैसं जमा झालं. गहू पेरला. लई झ्याक उगवलाय."

"येऊ बघायला?"

"ये की. पर हात खिशात घालून ये."