मशिनला जाणारं पाणी

डायलिसिस सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात मी वडिलांवर पाळत ठेवायला लागले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीत एका खाजगी दवाखान्यात डायलिसिसची तीन मशिनं आली होती, त्यामुळे आमच्या पुण्याच्या खेपा वाचल्या होत्या. आम्ही भवानीनगरला राहायचो. वडिलांना मी दादा म्हणायचे. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून उभी हयात घालवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. मी बी.एड. होऊन नोकरीची वाट बघत घरीच होते, म्हणून आठवड्यातून दोनदा सकाळच्या एसटीनं त्यांना घेऊन जाणं माझ्याकडं आलं.

पहिले तीन महिने बरे गेले. मग मात्र मशिनवर तासभर झाला की त्यांचं डोकं ठणकायला लागायचं, अंगाची आग व्हायची, ब्लडप्रेशर चढायचं आणि उलटी व्हायची. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे घरी चोरून पाणी पितात. लक्ष ठेवा."

दादा म्हणाले, "घोटभरसुद्धा जास्त पीत नाही." मी विश्वास डॉक्टरांवर ठेवला. माठातल्या पाण्याच्या पातळीला बाहेरून पेन्सिलीनं रेघ मारायचे, ते अंघोळीला गेले की मोरीच्या दाराशी कान देऊन उभी राहायचे. एकदा पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "रेघ पुसट झालीय. परत मार." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी रेघ मी मारलीच.

शेजारच्या पलंगावर पळसदेवच्या एक बाई असायच्या. नवरा उजनीत मासेमारी करायचा. एके दिवशी दादांची उलटी आवरून मी वळले, तर त्यासुद्धा तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

"तुमालाबी ह्याच येळेला व्हतं का, तात्या?" त्यांनी दादांना विचारलं. "मला वाटलं माझंच नशीब."

"कधीपासून?"

"झालं की तीन आठवडं. डाक्टर म्हनतो, मासं खाल्लं आसतील. वास बी न्हाय घेतला मी."

घरी जाताना एसटीत दादा म्हणाले, "तिचं जेवण वेगळं, माझं वेगळं. गाव वेगळं. दोघांच्यात सारखं काय? पाणी. प्यायचं नव्हे, मशिनला जाणारं."

कारखान्यात बॉयलरला क्षारांचं जड पाणी चालत नाही, नळ्या खार धरतात. म्हणून ते आधी मऊ करणाऱ्या टाकीतून नेतात, आणि ती टाकी ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्यानं धुवावी लागते. दवाखान्यातही तशीच टाकी असणार, आणि ती वेळेवर धुतली नाही तर तेच क्षार मशिनमधून रक्तात उतरणार, हे दादांना ठाऊक होतं. पुढच्या वेळी त्यांनी टेक्निशियनला सरळच विचारलं, "टाकी मिठानं कधी धुतली?"

तो तिशीतला, अबोल माणूस. क्षणभर दाराकडं बघून म्हणाला, "ते आमचं काम हाय, तात्या. तुमी पडून ऱ्हावा."

त्याच्या त्या बघण्यानं माझा संशय दादांवरून उठला आणि त्याच्यावर जाऊन बसला. पाण्याच्या खोलीला तो कुलूप का लावतो? आम्ही आलो की नर्सशी बोलणं का थांबवतो? मशिनमागच्या पाइपाला एक तोटी होती. तो चहाला गेल्यावर मी तिच्यातून बाटली भरून घेतली.

कारखान्याच्या लॅबमध्ये दादांच्या जुन्या सहकाऱ्यानं त्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी मऊ असेल तर निळं होतं. हे डाळिंबाच्या रसासारखं लालभडक झालं.

"केमिस्टसाहेब, हे तर आपण बॉयलरलाही देणार नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. "तुम्ही विहिरीचं पाणी भरून नेलं नाही कशावरून?"

दादा चिडले नाहीत. खिशातून औषधाची बाटली काढली. "मग आत्ता, तुमच्यासमोर बघू."

मशिनमागच्या तोटीखाली ग्लास डॉक्टरांनी स्वतः भरला. पळसदेवच्या बाई उठून बसल्या. दादांनी थेंब टाकले आणि ग्लास लाल झाला. डॉक्टरांनी त्या दिवशी तिन्ही मशिनं बंद ठेवली. संध्याकाळपर्यंत मिठाची पोती आली.

आम्ही निघताना टेक्निशियन जिन्यात आडवा आला. हातातली वही उघडून म्हणाला, "ताई, मी दोनदा लिवलंय बघा, मीठ संपलंय म्हनून. पेशंटला सांगू नको आसा हुकूम व्हता."

वहीत तसं लिहिलेलं होतं खरं. पण तीन आठवड्यांच्या अंतराच्या तारखा घातलेल्या त्या दोन ओळींची शाई मला सारखीच ओली काळी वाटली. एसटीत दादांना सांगितलं, तर म्हणाले, "खोटं असेल, खरंही असेल. पाणी सुधारलं की झालं."

पाणी सुधारलं. पुढच्या खेपेला दोघांपैकी कुणालाही उलटी झाली नाही. तरी दादांनी तपासणी सोडली नाही. ग्लास निळा झाल्याशिवाय ते सुईसाठी हात पुढं करत नसत. टेक्निशियननं आधी तोंड वाकडं केलं, मग आम्ही पोचायच्या आत तो स्वतःच ग्लास भरून ठेवायला लागला. तो ग्लासही दादा ओतून देत आणि मला तोटीखाली नवा भरायला लावत.

दीड वर्षानं घरी, दुपारी झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. पाण्याचा त्यात काही दोष नव्हता, असं डॉक्टरांनी मला आपणहून, दोनदा सांगितलं.