गाठीवर चढलेला रंग

आमच्या बंड्याच्या, म्हणजे कुत्र्याच्या, कानामागची मटाराएवढी गाठ ह्यांच्या बोटांना लागली ती गोचीड काढताना. दर रविवारी ह्यांचा हाच उद्योग. त्याला मांडीवर घ्यायचं आणि केसन्‌केस चाळायचा. माझा खांदा किती दिवस दुखतोय, ते मात्र मला सांगावं लागलं. तेव्हा म्हणाले, "बाम लाव."

आज जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्या काढलेल्या गाठीची काच मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. निळसर पेशींच्या दाटीत काही पेशी तपकिरी झाल्या होत्या.

"काकू, एरवी सगळ्या सारख्याच दिसतात. हा रंग एकाच ठरावीक प्रथिनावर चढतो. त्यावरून गाठ कातडीतल्या कुठल्या ग्रंथीची, कशी वाढणारी, ते कळायला मदत होते. बंड्याची साधी आहे."

"साधी" ऐकताच ह्यांनी कडेवरच्या बंड्याच्या डोक्यावर गाल टेकवला आणि चक्क डोळे पुसले. माझ्या ऑपरेशनच्या वेळी हे बाहेर पेपर वाचत बसले होते.

मी डोळा पुन्हा भिंगाला लावला. वरून मीही चारचौघींसारखीच दिसते. पण मत्सरावर चढणारा एखादा रंग निघाला, तर माझी अख्खी काच तपकिरी होईल. आणि मत्सर कुणाचा, तर कुत्र्याचा!

एवढ्यात खांद्याला काहीतरी ओलं लागलं. बंड्या मान लांब करून माझा खांदा हुंगत होता. नेमका दुखरा.

तेवढंसुद्धा मेल्यानं ह्यांच्यासाठी शिल्लक ठेवलं नाही.