छातीत अडलेली भाकर

नांदेडच्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "याला अकॅलेशिया कार्डिया म्हणतात. कॅन्सर नाही." माझी लेक मार्था हसली. मला ते हसणे संशयास्पद वाटले. दोघांनी मिळून माझ्यापासून काही लपवले असावे, असे मी मनात नोंदवले.

अन्ननलिका जठराला मिळते, तेथील स्नायू गिळताना सैल पडावा लागतो. अकॅलेशियात तो सैल पडत नाही आणि घास छातीत अडून राहतो. हे का होते, ते नेमके सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. मला मात्र कारण ठाऊक आहे, अशी माझी खात्री होती.

मी लातूरचा. निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पंच. प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ सगळे भाकरीचा तुकडा घेतात तेव्हा, ते तबक ओळीओळीने फिरवणे माझ्याकडे असे. पत्नी अंथरुणाला खिळली, तेव्हा शेवटच्या दिवसांत तिने मला प्रार्थना करायला सांगितले. मी म्हणालो, "ऐकणारा कुणी नाही." ती पुन्हा बोलली नाही. तिला माती दिल्यावरही मी तबक फिरवत राहिलो आणि विश्वास उरला नसताना स्वतःही भाकर घेत राहिलो.

एका रविवारी तो तुकडा छातीत अडला. ही भाकर अयोग्यपणे घेणाऱ्याला देवाचा दंड होतो, हे बायबलातले वचन मीच इतरांना शिकवले होते. दंडावर औषध नसते, म्हणून मी वर्षभर कुणाला सांगितले नाही. भाकर घेणे सोडले. घरी ताक आणि पेज यांवर राहिलो. सदरा खांद्यावरून ओघळू लागला. लातूरच्या डॉक्टरांनी तपासण्या सुचवल्या, तेव्हा त्यांना धंदा करायचा आहे असे ठरवून मी उठून आलो. शेवटी मार्थाने मला नांदेडला आपल्या घरी आणले.

"दादा, वर्षभर लपवलंत? आईचं दुखणं तर तुम्हीच आधी ओळखलं होतं," ती म्हणाली.

बेरियम स्वॅलो झाले होते. त्यात पांढरा द्रव पाजून फिल्म काढतात. मग एन्डोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी आत घालून पाहणे. मग मॅनोमेट्री; तीत नाकातून बारीक नळी घालून गिळताना पडणारा दाब मोजतात. त्रास होतो, पण सोसवतो. प्रत्येक अहवाल मी स्वतः वाचला. निदान तेच निघाले.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर मुखेडचा एक शेतकरी होता. मी जेवत का नाही, असे त्याने इतक्या वेळा विचारले की एकदा चिडून मी सांगितले, "देवाची शिक्षा आहे."

"तुमचा देव लई कडक दिसतो, गुरुजी," तो म्हणाला. "मला पित्ताशयात खडे झालेत. मग मी काय कुणाच्या बांधाचे दगड चोरले व्हय?"

पलीकडची खाटही हसली. मी भिंतीकडे तोंड केले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी लातूरहून आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले. वयाने तरुण; माझा त्यांच्यावर कधी भरवसा नव्हता. मंडळीत सांगायला बातमी हवी असेल, असे मला वाटले. तरी भूल दिल्यावर परत येईन याची खात्री नव्हती, म्हणून पत्नीला काय म्हणालो ते सांगितले. भाकरीचेही सांगितले.

ते म्हणाले, "गुरुजी, इतकी वर्षं तबक तुम्ही फिरवलंत. लायक माणसांनीच घ्यायचं असतं, तर ते भरलेलंच परत आलं नसतं का?"

त्या वाक्यात खोट आहे का, ते मी रात्रभर तपासले. सापडली नाही.

लॅप्रोस्कोपिक मायोटॉमी झाली. पोटावरच्या लहान छिद्रांतून आवळलेला स्नायू कापतात. आधी पाणी, मग पेज, मग मऊ भात. आता आंबट पाणी वर येऊ नये म्हणून मी उशाकडची बाजू उंच करून झोपतो आणि जेवून लगेच आडवा होत नाही.

ज्यांना घास अडतो आणि ज्यांना तो दंड वाटतो, त्यांना एवढेच सांगतो: डॉक्टरांकडे जा. पाळकांकडेही जा. मी दोघांवर संशय घेण्यात वर्ष घालवले. दोघांचा आणि मार्थाचा मी ऋणी आहे.

लातूरला परतल्यावर प्रभुभोजनाच्या रविवारी तबक दुसऱ्याच्या हाती होते. ते माझ्यापुढे आले. मी तुकडा घेतला, बारीक चावला आणि नेहमीच्या जागी तो अडेल म्हणून थांबलो. तो उतरला. ते सर्जनचे काम होते, हे मी जाणतो. मात्र तबक माझ्यापुढे थांबले, ते सर्जनचे काम नव्हते.

मंडळी उठली तरी मी गुडघ्यांवरच राहिलो. पत्नीने मागितलेली प्रार्थना तेव्हा केली. फार उशीर झाला होता. ऐकणाऱ्याला उशीर चालतो का, याविषयी मला आता पूर्वीइतकी शंका नाही.